पास्कोलमामा आणि अर्धा ट्रॅक्टर

पास्कोलमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कानात स्क्रूड्रायव्हर होता.

लग्न होऊन वसईजवळच्या गिरीजला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. माहेरून आणलेला मिक्सर ओल्या नारळावर अडून बसला होता. सासूबाईंनी कुंपणापलीकडे नुसती हाक दिली, "पास्कोल, मिक्सर!" पाच मिनिटांत खाकी अर्ध्या चड्डीतला, सहा फूट उंच, काटकुळा माणूस मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात आला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मिक्सरच्या बुडाला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले आणि मला खूण केली, चालू कर. मी केला. बंद कर. मी केला. असं सहा वेळा झालं. मग डोळे उघडून ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "बाय, ह्याला काही झालेलं नाही. हा तुला घाबरतो."

मी नवी नवरी. हसावं की रडावं कळेना. तोवर त्यांनी मिक्सर ओट्यावर उलटा करून खोललाही होता. अर्ध्या तासाने तो पुन्हा उभा राहिला, घरघर करत नारळ वाटू लागला, आणि ओट्यावर एक स्क्रू उरला.

"हा राहिला," मी म्हटलं.

"जास्तीचा आहे," मामा म्हणाले. "कंपनीवाले घाबरट असतात. एक नेहमी जास्त लावतात."

तो स्क्रू त्यांनी खिशात टाकला. मिक्सर पुढे अकरा वर्षं चालला. फक्त चालू करताना त्यावर हात ठेवून उभं राहावं लागे, नाहीतर तो ओट्यावरून फिरायला निघे.

मामा आमचे शेजारी. माझा नवरा त्यांना मामा म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागले. आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली आणि शेवग्याच्या फाट्यांचं कुंपण. अंधेरीकडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर केळी, नारळ आणि गावातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू असा त्यांचा संसार होता. माणसांशी ते शाळेत शिकवतात तसली मराठी बोलत, घरात त्यांची बोली, आणि यंत्रांशी मात्र कारखान्यातली हिंदी. "चल बेटा, नखरा नको," हे वाक्य मी पाण्याच्या पंपाला, शिवणयंत्राला आणि एकदा चर्चमधल्या बंद पडलेल्या पंख्याला उद्देशून ऐकलं आहे.

त्यांची एक म्हण होती. "खोलताना देव दिसतो, लावताना सैतान." ती ते खोलताना कधीच म्हणत नसत.

रेजिनामामी, म्हणजे त्यांची बायको, ठेंगणी, शांत आणि तिखट. तिने नाताळच्या केकसाठी आणलेल्या कागदातून मामा पंपाच्या गॅस्केटी कापत, तिच्या पापडाच्या डब्यात वायसर ठेवत. मामी एकदा मला म्हणाली, "माझ्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत बघ. एक, ह्यांनी दुरुस्त केलेल्या. दुसऱ्या, चालणाऱ्या."

माणसांचंही निदान ते यंत्रासारखंच करत. कोणाचा खोकला ऐकून "सायलेन्सर फाटलाय" म्हणत. एका रविवारी फादरचं प्रवचन लांबलं. बाहेर आल्यावर बायकांच्या घोळक्यासमोर मामा म्हणाले, "फादरचा क्लच सरकतोय. आवाज वाढतोय, गाडी जागेवर." हे फादरच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी प्रवचन सहा मिनिटांत आटोपलं, आणि गावातल्या बऱ्याच जणांनी ती मामांची सर्वांत यशस्वी दुरुस्ती मानली.

पण मला सांगायचं आहे ते खऱ्या क्लचबद्दल.

मामा आणि माझे सासरे, अण्णा, यांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला होता. उमेळ्याकडच्या एका मिठागरवाल्याने तो विकायला काढला तेव्हाच तो म्हातारा होता. आता तर त्याचे सुटे भाग मिळायचे बंद होऊन एक पिढी उलटली होती. मूळचा लाल रंग केळीच्या चिकाने काळपट झालेला. त्याला दोघं "म्हातारी" म्हणत. सोमवार ते बुधवार म्हातारी अण्णांची, गुरुवार ते शनिवार मामांची, रविवारी तिला सुट्टी. दसऱ्याला अण्णा तिला झेंडूचा हार घालून हळदकुंकू लावत, आणि सुगीच्या सणाला फादर येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडत. "दोन्हीकडून बंदोबस्त केलेला बरा," मामा म्हणायचे. "कुठला पार्ट कोणाच्या हद्दीत येतो, आपल्याला काय माहीत."

अण्णा आणि मामा एकाच वयाचे, एकाच शाळेतले. अण्णा बुटके, रुंद, तापट. दोघं एकमेकांना "हरी" आणि "पास्कू" म्हणत. दिवसातून दोनदा भांडत आणि तिसऱ्यांदा एकत्र चहा पीत. त्यामुळे त्या बुधवारी जे सुरू झालं, ते एवढं वाढेल असं कोणालाच वाटलं नाही.

भात कापून झालं होतं. वांग्याची रोपं वाफ्यात तयार होती. जमीन नांगरून ती लावायची होती. अण्णांनी म्हातारीला नांगर जोडला, गिअर टाकला, आणि इंजिन असं काही बोंबललं की मी शाळेचे पेपर तपासत होते ते टाकून अंगणात धावले. अण्णा सीटवर उभे राहून स्टिअरिंग हलवत होते. धुराड्यातून धूर निघत होता. आणि म्हातारी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी.

मामा कुंपण ओलांडून आले. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. फार वेळ लागला नाही.

"सरकतोय," ते म्हणाले.

मला यंत्रातलं काही कळत नाही, मी भूगोल शिकवते. म्हणून मामांनी आमच्याच घरातली दोन स्टीलची ताटं मागवली. एक पालथं, त्यावर दुसरं. "हे खालचं इंजिनाचं, हे वरचं चाकांचं. दोन्ही एकमेकांवर दाबून धरली की एक फिरलं तर दुसरंही फिरतं. तोच क्लच." मग त्यांनी मधे चमचाभर गोडंतेल ओतलं. खालचं ताट गरागरा फिरवलं, वरचं आरामात बसून राहिलं. "हे झालंय," ते म्हणाले. "आत कुठून तरी तेल उतरतंय."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "एवढं सांगायला पाणी चाललं नसतं?"

म्हातारी पूर्ण खोलायची म्हणजे आठवड्याचं काम. रोपं थांबायला तयार नव्हती. म्हणून मामांनी जुना ड्रायव्हरी उपाय केला. क्लचच्या वरची छोटी झडप उघडून त्यात तेल शोषायला कोरडी पावडर टाकायची. कारखान्यात ते वेगळीच पावडर वापरत, ती काही इथे नव्हती. घरात होती ती मामीची, चमेलीच्या वासाची, तोंडाला लावायची. अख्खा डबा आत गेला.

आणि म्हातारी चालली! पांढऱ्या ढगांत चालली. अण्णा सीटवर, पोटाखालून पावडरीचे लोट, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. वाडीभर चमेलीचा घमघमाट. गल्लीतून जाणाऱ्या मासेवाल्या बायका थांबून विचारू लागल्या, कोणाचं लग्न आहे?

दीड दिवस हे चाललं. मग म्हातारी पुन्हा बसली. आता फक्त सुगंधी होऊन बसली.

मग खोलणं आलंच. ट्रॅक्टरचा क्लच बघायचा तर ट्रॅक्टर कमरेतून तोडावा लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. इंजिन आणि पुढची चाकं एकीकडे, गिअरबॉक्स, सीट, स्टिअरिंग आणि मागची मोठी चाकं दुसरीकडे. मामांच्या अंगणात चिंचेखाली दोन जॅक, लाकडाचे ठोकळे, नारळाचे ओंडके लावून हे काम सुरू झालं. काढलेला प्रत्येक बोल्ट मामा एका खोक्याच्या पुठ्ठ्यात, जसा होता त्याच क्रमाने, खोचून ठेवत. दुपारी कधीतरी "कटक" झालं आणि म्हातारीच्या मधून पलीकडची कोंबडी दिसली.

मामांनी क्लच प्लेट काढली. ताटलीएवढी, काळीकुट्ट, तेलाने निथळणारी, वर पावडरीचा राप.

दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले. मग मामांनी ते वाक्य उच्चारलं.

"हरी, तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस."

"कोन म्हनतं?"

"प्लेट म्हणते. एका बाजूने घासलीय. पाय टेकवून ठेवला की असंच घासतं."

"प्लेट म्हनते! प्लेटला तोंड फुटलं! आनि त्यात बायकांची पावडर कोनी ओतली? लोक मला विचारतात, अण्णा, लग्नाला उभे आहात का!"

"पावडर उपाय होता. रोग तुझ्या पायात आहे."

"तीस वर्षं कारखान्यात झाडू मारून आला आनि मला शिकवतो!"

हे लागलं. मामा झाडू मारत नव्हते, फिटर होते, आणि अण्णांनाही ते माहीत होतं. मामांचा आवाज एकदम खाली आला. "मग ज्याने झाडू मारला नाही त्याच्याकडून करून घे. घेऊन जा तुझा ट्रॅक्टर."

"माझा एकट्याचा कुठेय? अर्धा माझा आहे."

"मग अर्धा घेऊन जा," मामा म्हणाले. "कुठला पाहिजे?"

खरं तर इथे दोघांनी हसायला हवं होतं. मामीने पदर तोंडाला लावला होता, आईंनी मान वळवली होती. पण अण्णांनी दोन्ही तुकड्यांकडे नीट बघितलं, विचार केला आणि म्हणाले, "इंजिन."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं आली. इंजिनाच्या तुटक्या बाजूखाली हातगाडी सारली, पुढची चाकं होतीच. म्हातारीचा पुढचा अर्धा भाग गल्ली ओलांडून आमच्या अंगणात आला. क्लच प्लेट अण्णांनी स्वतः हातात धरून आणली, आरतीच्या ताटासारखी.

त्यानंतरचे अठरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

रोज सकाळी सातला अण्णा हँडल मारून इंजिन चालू करत. "बंद ठेवलं तर जाम होतं," असं कारण होतं. खरं कारण कुंपणापलीकडे होतं. तिथे मामा म्हातारीच्या मागच्या अर्ध्या भागावर, सीटवर बसून, स्टिअरिंगवर वर्तमानपत्र पसरून वाचत. अण्णा रेस वाढवत. मामा पान उलटत. एकदा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं, अण्णांनी इथे रेस वाढवली आणि तिथे मामांनी, वर्तमानपत्रातून मान न उचलता, गिअर बदलला.

गावात बातमी पसरली. भुईगावचे पाहुणे आमच्याकडे इंजिन बघून मामांकडे चाकं बघायला जात, आणि दोन्हीकडे चहा पीत. गल्लीच्या टोकाला एकाने नवा कोरा ट्रॅक्टर घेतला होता. तो सरळ मनाने म्हणाला, मी दोघांचीही जमीन नांगरून देतो. दोघांनी त्याला नकार दिला. त्याचा नांगर शेतात घातला असता तर म्हातारी हरली असती, आणि म्हातारीच्या बाबतीत दोघं अजूनही एका पक्षाचे होते.

बायकांचा व्यवहार मात्र सुरळीत होता. शेवग्याच्या कुंपणावरून सकाळी मामीचं बोंबलाचं कालवण इकडे यायचं, संध्याकाळी आमची वालाची भाजी तिकडे जायची. वाडगी परत करताना दोघी माहिती देत. "आज जेवले?" "जेवले, पण मुकाट्याने." "आमचेपण."

इकडे वांग्याची रोपं वाफ्यातच ढोपरभर झाली. अण्णांनी कुदळ घेतली आणि एकट्याने जमीन खणायला लागले. चार वाफे खणून झाले की बांधावर बसत आणि उजव्या हाताने डावा गुडघा चोळत. मी विचारलं तर म्हणाले, "काय नाय, मुंगी चावली." ती मुंगी रोज त्याच जागी चावत होती.

पुढची गोष्ट आम्हाला मामीने नंतर सांगितली.

मामा एका दुपारी गिअरबॉक्सचं तोंड पुसत होते. तिथून जो दांडा इंजिनाकडे जातो, त्याच्याभोवती एक रबराची बांगडी असते, तिला सील म्हणतात. गिअरबॉक्समधलं तेल क्लचकडे जाऊ नये म्हणून. तिला एक तोंड असतं, आणि ते तेलाच्या बाजूला हवं. मामांनी फडकं फिरवलं आणि थांबले. बांगडीचं तोंड उलटीकडे होतं. दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्सच्या कामासाठी म्हातारी अशीच खोलली होती, तेव्हा ती नवी बांगडी बसवली होती. बसवणारा गावात एकच होता.

मामा पानावरून न जेवता उठले. मामीने विचारलं तेव्हा म्हणाले, "रेजिना, सील उलटं आहे."

"मग सुलटं करा."

"मी बसवलं होतं."

"मग तुम्हीच काढा. कोणाला कळणार?"

"मला कळलं ना," मामा म्हणाले.

ते फादरकडे गेले. हे मात्र फादरनीच नंतर सगळ्यांना सांगितलं, कारण ते पापनिवेदन नव्हतं, मामा त्यांना केळीच्या बागेत गाठून बोलले होते. मामांनी सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "मला कशाला सांगतोस? माझा काही ट्रॅक्टर नाही."

"प्रायश्चित्त द्या."

"दिलं. कुंपण ओलांड."

कुंपण ओलांडणं सोपं नव्हतं. तीस वर्षं ज्यांनी "मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो" असं गावाला सुनावलं, त्यांनी जाऊन सांगायचं की मशीन खरंच बोलत होतं आणि ते माझं नाव घेत होतं. पहिल्या दिवशी मामा आमच्या अंगणात आले, अण्णांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पाऊस येईलसं वाटतं." नोव्हेंबर होता. अण्णांनी स्वच्छ निळ्या आकाशाकडे पाहिलं आणि घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी मामा केळ्यांची फणी घेऊन आले. आमच्या घराभोवती तीनशे केळी उभ्या आहेत. ती फणी ओटीवर ठेवून ते परत गेले.

तिसऱ्या दिवशी ते मागच्या दाराने माझ्याकडे आले, हातात मापाचा चिमटा. "बाय, लाटणं दाखव."

मी घरातली तिन्ही लाटणी दाखवली. त्यांनी एकेक मोजलं. प्लेट नव्याने बसवताना ती बरोबर मधोमध धरावी लागते, नाहीतर दोन अर्धे जुळत नाहीत. त्यासाठी एक खास दांडा असतो. म्हातारीचा तो दांडा कुठल्या मिठागरात बुडाला होता कोण जाणे. पण लाटण्याची बारीक मूठ आणि जाड पोट ह्यांचं माप जवळजवळ तेच असतं, असा मामांचा शोध होता.

"मामीचं नाही चालणार?"

"ती मागच्या वेळचंच अजून परत मागतेय."

आईंचं जुनं सागवानी लाटणं मापात बसलं. ते उजव्या हातात घेऊन मामा स्वयंपाकघरातून थेट पुढच्या अंगणात गेले. अण्णा इंजिन चालू करून उभे होते. त्यांना दिसलं एवढंच, की अठरा दिवस धड न बोललेला सहा फुटी माणूस लाटणं घेऊन आपल्या अंगावर चालून येतो आहे. त्यांनी इंजिनाचं लोखंडी हँडल उचललं.

मामा काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. अण्णा ओरडले, "काय?" मामा मोठ्याने म्हणाले. "काय?" मामांनी छाती भरून श्वास घेतला, आणि त्याच क्षणी इंजिनातलं डिझेल संपलं.

"सील मी उलटं बसवलं होतं!"

हे गल्लीने ऐकलं, बावखलाच्या तळ्यापलीकडच्या घरांनी ऐकलं, मासेवाल्या बायकांनी ऐकलं. मामी कुंपणाशी आली. मी दारात. 

मामा आता हळू बोलले. "तेल माझ्यामुळे उतरलं. तुझी काही चूक नव्हती, हरी."

अण्णांनी हँडल खाली ठेवलं.  मग म्हणाले, "पाय ठेवतो मी."

"काय?"

"क्लचवर. ठेवतो. गुडघा उचलत नाय आता. सारखा उचलायला नको म्हनून तिथंच टेकवून ठेवतो. दोन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू मला चालवू दिला नसतास."

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसताच दिला," ते म्हणाले.

आईंनी चहा टाकला.

म्हातारीचा पुढचा भाग त्याच दिवशी गल्ली ओलांडून परत गेला, ह्या वेळी ढकलायला अख्खी आळी होती. प्लेटला वसई स्टेशनजवळच्या एका कारागिराकडून नवं अस्तर बसवून आणलं. सील सुलटं झालं. ते बसवताना मामांनी अण्णांना, मामीला, मला आणि रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला बोलावून, तोंड कुठल्या बाजूला आहे ते साक्षीदार म्हणून दाखवलं. आईंच्या लाटण्याने प्लेट मधोमध धरली, बोल्ट आवळले, लाटणं बाहेर काढलं. आता दोन अर्धे एकमेकांत घालायचे.

जाईनात. बोटभर अंतर उरायचं आणि अडायचं. सकाळ गेली, दुपार गेली. मामा "चल बेटा" म्हणून थकले, सैतानाची म्हण चार वेळा झाली, अण्णांनी म्हातारीच्या आईबापांचा उद्धार केला. शेवटी मामांच्या ओटीवर वाल सोलत बसलेल्या आई म्हणाल्या, "बरणीचं झाकण बसत नसलं की आपण दाबतो का? जरा फिरवतो."

मामांनी आईंकडे पाहिलं. मग मागचं चाक दोन बोटं फिरवलं. "कटक." म्हातारी एक झाली.

"वहिनी," मामा म्हणाले, "अंधेरीला तुमच्यासारखा एक फोरमन होता." आईंच्या लेखी त्या दिवसापासून त्या फोरमनच होत्या.

शेवटी मामांनी अण्णांसाठी एक गोष्ट केली, ती न विचारता. क्लचच्या पेडलला लागून डाव्या बाजूला एक पायटा वेल्ड केला, म्हणजे पाय पेडलवर न ठेवता शेजारी टेकवता येईल. आणि पेडलचा दांडा वीतभर वाढवला, म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. पायट्याचं लोखंड कुठून आणलं ते मामीला चार दिवसांनी कळलं. शिवणयंत्रावर बसली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

रोपं उशिरा लागली. त्या वर्षी वांगी लहानच राहिली, पण दोन्ही घरांत त्यांची इतकी तारीफ झाली की बाहेरच्याला वाटावं, असं वांगं वसईत कधी पिकलंच नव्हतं. आईंचं लाटणं रॉकेलने धुवून परत आलं. त्यावर लाटलेल्या चपात्या अण्णा महिनाभर तक्रार न करता खात होते.

मामा गेल्या पावसाळ्यात गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. त्याबद्दल मला जास्त काही सांगता येणार नाही, मी तेव्हा शाळेत होते. मी त्यांना चांगलं, डोळे भरून पाहिलं ते त्याआधी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, भुईगावच्या समुद्रावर.

मुंबईहून आलेल्या काही तरुणांनी आपली मोठी चकचकीत गाडी थेट वाळूत उतरवली होती. ती रुतली. भरती चढत होती. कोणीतरी गिरीजला फोन केला. रविवार असूनही मामांनी म्हातारी काढली, आणि अण्णा मडगार्डवर बसून आले. मी आणि माझा नवरा स्कूटरवर मागोमाग. मामा चर्चमधल्या मिस्साहून तसेच आले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, डोक्यावर उन्हाची गवती टोपी.

दोर बांधला. अण्णा खाली उतरून पोरांबरोबर गाडी मागून ढकलू लागले. मामांनी गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिन धपधपलं, आणि म्हातारी इंचभरही न चाचपडता निघाली. तिच्यामागे ती चकचकीत गाडी वाळूतून दातासारखी उपसून आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. एकाने पुढे धावत जाऊन दोराची गाठ सोडली आणि गाडी घट्ट वाळूवर उभी केली.

हे मामांना कोणी सांगितलंच नाही.

ते तसेच पुढे निघाले. पाठ ताठ, नजर समोर. अण्णा मागे धावत ओरडत होते, "पास्कू! अरे थांब! मागे काय नाय!" पोरंही हातवारे करून ओरडू लागली. इंजिनाच्या आवाजात मामांना त्यातला फक्त गलका पोचला असावा, आणि तो त्यांनी आपल्या पद्धतीने घेतला. मागे न बघता त्यांनी एक हात वर केला आणि मिरवणुकीतल्या बिशपसारखा सावकाश हलवला.

अण्णा धापा टाकत थांबले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, आणि हसायला लागले. आम्ही सगळेच हसत होतो. लाटा म्हातारीच्या चाकांपर्यंत येऊन परत जात होत्या. मामा पाण्याच्या कडेकडेने कळंबच्या दिशेने चालले होते, हात अजून वरच होता, आणि मागे तो मोकळा दोर ओल्या वाळूत एक लांबच लांब रेघ ओढत चालला होता.